एनएसएसमध्ये नाव तर दिलंत, पुढे काय?

नाव द्यायला डोकं लागत नाही. प्रवेश आटोपले की कॉलेजच्या नोटीस बोर्डावर राष्ट्रीय सेवा योजनेची, म्हणजेच एनएसएसची, सूचना लागते. अर्ज भरा, कार्यक्रम अधिकाऱ्यांकडे, म्हणजे एनएसएस बघणाऱ्या सरांकडे, द्या. मात्र पदवीच्या पहिल्याच वर्षी द्या, कारण हिशेब दोन वर्षांचा आहे: वर्षाला १२० तास, असे एकूण २४०, आणि शिवाय सात दिवसांचं एक विशेष शिबिर. एवढं झालं तरच प्रमाणपत्र. शेवटच्या वर्षी 'ताई, अजून घेतील का?' म्हणत येणारे दरवर्षी भेटतात. एनसीसीत असाल तर इथे घेत नाहीत, तेही आधीच ठरवा.

सुरुवातीची मार्गदर्शनाची सत्रं बसून ऐका. योजना २४ सप्टेंबर १९६९ला, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, ३७ विद्यापीठांत सुरू झाली, हे सगळं तिथे येतंच.

खरी गोची त्यानंतर. युनिटमध्ये साधारण शंभर नावं असतात. पावसाळ्यात झाडं लावायला झुंबड उडते, दिवाळीनंतर बाकं रिकामी. या मधल्या दोन-तीन महिन्यांत तुम्ही टिकता किंवा यादीतलं एक नाव होऊन राहता.

मी पहिल्या वर्षी सरांना म्हटलं होतं, "सर, काहीही काम असलं तर सांगा." सर म्हणाले, "सांगतो हं." सांगितलं नाही. मी दोन महिने रुसून होते. पुढच्या वर्षी युनिटची जबाबदारी अंगावर आली तेव्हा उलगडा झाला. 'काहीही सांगा' म्हणणाऱ्यासाठी काम शोधत बसायचं म्हणजे आपल्याच डोक्याला आणखी एक काम. त्यापेक्षा माणूस स्वतःच उरकून टाकतो, नाहीतर नेहमीच्या चौघांना हाक मारतो.

म्हणून काम मागू नका, हेरा. दोन-तीन उपक्रमांना मुकाट्याने जा आणि घोडं कुठे अडतंय ते बघा. आमच्याकडे श्रमदान संपलं की फावडी-घमेली जिथल्या तिथे पडायची, पुढच्या वेळी निम्मी सापडायची नाहीत. मी ती मोजून, धुऊन खोलीत लावायला लागले आणि किल्ली शिपाईमामांकडे द्यायला लागले. एका पाठकोऱ्या कागदावर लिहून ठेवलं: घमेली १४, फावडी ९, टिकाव ४, एकाचा दांडा सैल. तो कागद सरांच्या टेबलावर ठेवला, त्यानंतर मला काम मागावं लागलं नाही. शिबिराचं गाव बघायला जायचं ठरलं तेव्हा पहिलं नाव माझं निघालं.

काम छोटं असावं, दर वेळी लागणारं असावं आणि फोटोत न येणारं असावं. बॅनर धरायला माणसं कमी पडत नाहीत. ज्या दिवशी जमणार नाही, त्याच्या आदल्या संध्याकाळी कळवा, आणि किल्ली कुणाकडे आहे तेही सांगा. न सांगता एकदा जरी दांडी मारलीत तरी पुढचे तीन महिने ते निस्तरण्यात जातात.

'सगळ्या उपक्रमांना जा, ओळखी होतात' हा सल्ला मला अजिबात पटत नाही. ओळखी होतात, पण तोंडदेखल्या. आणि अंतर्गत परीक्षा आली की असे सगळीकडे धावणारेच आधी गळतात.

कामाच्या तासांची डायरी त्याच दिवशी लिहा: तारीख, किती ते किती, काय केलं. सरांची सही त्याच आठवड्यात घ्या. मार्चमध्ये एका रात्रीत सहा महिने लिहून काढणारे एकाच शाईमुळे पकडले जातात.

शिबिराला एक चादर जास्त घ्या, दागिने घरी ठेवा. पहाटेची फेरी, श्रमदान, दुपारची व्याख्यानं अंगवळणी पडतात. फक्त घरोघरी सर्वेक्षणाला जाल तेव्हा फॉर्म पिशवीतच राहू द्या आणि आधी ओसरीवर टेका. कागद दिसला की लोकांना वाटतं घरकुलाची यादी आली. एक आजी माझ्या हातातला फॉर्म बघून लगबगीने आत गेल्या आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं रेशनकार्ड घेऊन आल्या. "नाव लावशील ना गं, पोरी?" तेव्हापासून उंबऱ्याशी माझं पहिलं वाक्य एकच: "आजी, आम्ही कॉलेजची मुलं आहोत, सरकारी माणसं नाही."