पदवीनंतर लेफ्टनंट व्हावे की कंपनीत जावे : पगाराची तुलना कशी करावी

कंपनीचे ऑफर लेटर आणि लष्करी अधिकाऱ्याचा पगार शेजारी ठेवून पाहताना बहुतेक मुले पहिल्याच पायरीवर चुकतात, कारण कंपनी वर्षाचा एकूण खर्च सांगते आणि सैन्यदल महिन्याचे मूळ वेतन सांगते. म्हणून आधी दोन्ही आकडे दरमहाच्या रकमेवर आणावेत.

समजा, पुण्यातल्या एखाद्या कंपनीने नऊ लाखांचा सीटीसी, म्हणजे तुमच्यावर होणारा कंपनीचा वर्षाचा एकूण खर्च, देऊ केला आहे. त्यात मूळ वेतन साडेचार लाख, कामगिरीवर अवलंबून असलेले ९०,००० रुपये, कंपनीच्या वाट्याचा भविष्य निर्वाह निधी ५४,००० आणि ग्रॅच्युइटीची सुमारे २१,६०० रुपयांची तरतूद धरलेली असेल, तर मूळ वेतन सोडून हे सारे बाजूला काढून तुमच्या वाट्याचे आणखी ५४,००० रुपये कापल्यावर दरमहा साडेछप्पन्न हजारांच्या आसपास उरतात. व्यवसाय कर आणि आयकर त्यातूनच जातो.

आता लेफ्टनंटचा पगार पाहू. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे मूळ वेतन ५६,१०० आणि मिलिटरी सर्व्हिस पे (लष्करी सेवेबद्दल मिळणारी ठरावीक रक्कम) १५,५०० असे मिळून ७१,६०० रुपये होतात. महागाई भत्ता या दोन्हींवर मिळतो. जानेवारी २०२४ चा ५० टक्के दर धरला, तरी बेरीज १,०७,४०० वर जाते. सरकारी निवासस्थान न मिळाल्यास घरभाडे भत्ता वेगळा असतो. यातून आयकर, डीएसओपी निधी (लष्करी अधिकाऱ्यांचा भविष्य निर्वाह निधी) आणि गटविम्याची वर्गणी वजा होते. त्यांपैकी डीएसओपी ही तुमचीच बचत असल्याने ती खर्चात धरू नये.

मात्र एवढ्यावर निर्णय घेऊ नये. खरा प्रश्न निवृत्तिवेतनाचा आहे आणि तो भरतीच्या उत्साहात हमखास मागे पडतो. डेहराडूनच्या लष्करी अकादमीतून कायम कमिशन, म्हणजे निवृत्तीपर्यंतची अधिकारीपदाची नेमणूक, मिळालेल्या अधिकाऱ्याला वीस वर्षांच्या सेवेनंतर निवृत्तिवेतन लागू होते. चेन्नईच्या अकादमीतून मिळणारे शॉर्ट सर्व्हिस कमिशन मात्र दहा वर्षांचे असते, ते आणखी चार वर्षे वाढू शकते, आणि कायम कमिशन न मिळाल्यास निवृत्तिवेतनाशिवाय ऐन पस्तिशीत दुसरी नोकरी शोधावी लागते. त्यामुळे शॉर्ट सर्व्हिसचा विचार करणाऱ्याने पहिल्या महिन्यापासून मोठी रक्कम गुंतवण्याचे गणित आताच मांडावे. मला तर हा मुद्दा सुरुवातीच्या पगारापेक्षा कितीतरी मोलाचा वाटतो.

रजेचा हिशेबही मांडावा : वर्षाला ६० दिवस वार्षिक आणि २० दिवस किरकोळ रजा कागदावर भरघोस दिसते, परंतु ती केव्हा मिळेल हे युनिटच्या गरजेवर ठरते. दर दोन-तीन वर्षांनी बदली झाल्यास जोडीदाराची नोकरी टिकेल का, याचे उत्तर रुपयांत मांडून त्याच कागदावर लिहावे. शेवटी शॉर्ट सर्व्हिस संपवून आलेल्या एखाद्या अधिकाऱ्याला भेटावे आणि सेवा सुटल्यानंतरच्या पहिल्या वर्षी घरखर्च कशातून चालला, हे आवर्जून विचारावे.