लिबरऑफिस उघडतच नाही? आधी प्रोफाइल तपासा

लिबरऑफिस या मोफत ऑफिस प्रोग्रॅममधल्या रायटर (लेखनासाठी) किंवा कॅल्कवर (तक्त्यांसाठी) डबल क्लिक केलं, लोगो क्षणभर दिसला आणि गायब झाला, तर प्रोग्रॅम काढून पुन्हा टाकायची घाई करू नका. दोष बहुधा तुमच्या प्रोफाइलच्या, म्हणजे तुमच्या सेटिंग्ज वगैरे साठवणाऱ्या, फोल्डरमध्ये असतो, आणि प्रोग्रॅम काढला तरी तो फोल्डर जागेवरच राहतो. म्हणून नव्याने टाकूनही रडगाणं तेच.

विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा. 'सॉफिस डॉट बिन' (soffice.bin, म्हणजे मागे चालणारं लिबरऑफिसच) अडकून पडलेलं दिसलं तर ते बंद करा आणि लिबरऑफिस पुन्हा उघडून बघा. कित्येकदा एवढ्यानेच काम होतं.

नाहीच झालं, तर विंडोज आणि आर दाबून टक्क्याच्या दोन चिन्हांच्या मध्ये 'ॲपडेटा' इंग्रजीत टाइप करा (%appdata%) आणि एंटर दाबा. लिबरऑफिसच्या फोल्डरमध्ये '4' नावाचा फोल्डर असतो (आवृत्ती ७ किंवा २४ असली तरी नाव 4च, गोंधळू नका). त्यातल्या 'यूजर' फोल्डरचं नाव बदला. डिलीट मात्र अजिबात करू नका! त्यात तुमचे मॅक्रो (आपोआप काम करणाऱ्या आज्ञा), टेम्प्लेट आणि शब्दकोशात घातलेले मराठी शब्द असतात.

आता प्रोग्रॅम सुरू केला की कोरा प्रोफाइल तयार होतो. प्रोग्रॅम नीट उघडला, तर तो बंद करून जुन्या फोल्डरमधले 'वर्डबुक', 'टेम्प्लेट' आणि 'बेसिक' हे फोल्डर नव्यात कॉपी करा. 'रजिस्ट्रीमॉडिफिकेशन्स' ही फाइल मात्र जुन्या फोल्डरमध्येच सोडा. सेटिंग्ज तिच्यात असतात आणि बिघाडही बहुतेक तिच्यातच.