आधी वार की आधी चीक? वासरं पाजताना आणि दूध तोडताना या चुका टाळा

गाय रात्री दोनला व्यायली. तासाभरात वासरू लटपटत उभं राहिलं, कास हुंगायला लागलं, तेवढ्यात आजीने त्याला बाजूला ओढलं. "आधी वार पडू दे, मग पाज." वार, म्हणजे वासराभोवतीची झिल्ली, पडली सकाळी दहाला. सहाव्या दिवशी वासराला हगवण लागली, आठव्या दिवशी ते गेलं. आमच्याच गोठ्यातली गोष्ट. तेव्हा आम्ही म्हणालो, वासरूच अशक्त होतं.

अशक्त वगैरे काही नव्हतं. पोटात असताना वासराला आईकडून रोगप्रतिकारक घटक मिळतच नाहीत, गाईच्या वारेतून ते पलीकडे जात नाहीत. ती सगळी शिदोरी चिकात, म्हणजे व्यायल्यानंतरच्या पहिल्या दाट दुधात असते. ती रक्तात ओढून घ्यायची आतड्याची ताकद पहिल्या सहा तासांनंतर भराभर उतरते आणि २४ तासांत जवळपास संपते. म्हणून ३० किलोच्या संकरित वासराला पहिल्या दोन तासांत दीड-दोन लिटर चीक, आणि १२ तासांच्या आत आणखी तेवढाच. राहिली वार, तर वासरू चोखू लागलं की ती पडायला उलट मदतच होते.

खरवसाचं म्हणाल तर मलाही आवडतो, पण वासराचा वाटा काढून झाल्यावर. जास्तीचा चीक स्वच्छ बाटलीत भरून डीप फ्रीझरमध्ये ठेवा, पुढे व्यायलेल्या गाईला चीक कमी आला तर तिच्या वासराला उपयोगी पडतो. वितळवताना कोमट पाण्यात बाटली ठेवायची. उकळला की संपलं, त्याचा खरवसच होणार. आणि शेजारी द्राक्षबागायतदार असेल तर त्याचा ब्रिक्स, म्हणजे द्राक्षाच्या रसातली गोडी, मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर मागून आणा. चिकाचा एक थेंब टाकून २२ किंवा वर आकडा आला तर चीक उत्तम. कमी आला तर जरा जास्त पाजा.

बादलीतल्या चुका

दूध रोज वेगळ्या वेळी, कधी गरम कधी गार, आणि बादली नुसती विसळलेली. निम्म्या हगवणी इथे सुरू होतात. दूध अंगाएवढं कोमट हवं, म्हणजे ३८-३९ अंश. दिवसाला वजनाच्या किमान एक दशांश, दोन वेळांत विभागून, थंडीत त्याहून जास्त. बादलीची सवय लावताना दोन बोटं दुधात बुडवून वासराच्या तोंडात द्या, ते चोखू लागलं की हात हळूहळू खाली न्या. त्याचं तोंड दाबून दुधात बुडवू नका, दूध फुप्फुसात गेलं तर न्यूमोनिया ठरलेला. स्तनदाहाचं किंवा अँटिबायोटिक चालू असलेल्या गाईचं दूध "फेकण्यापेक्षा वासराला" हा हिशेबही सोडा.

म्हशीच्या गोठ्यात वेगळंच दुखणं. पारडू फक्त पान्ह्यापुरतं. दोन घुटके, की ओढून दाव्याला. त्यातून रेडा असला तर तेवढंही नाही. मग ते मरतं, म्हैस पान्हा चोरते आणि मालक इंजेक्शनं शोधत फिरतो. एक सड त्याच्यासाठी सोडा, नाहीतर मोजून बादलीने पाजा.

हगवण लागली की दूध बंद?

नाही. दूध चालूच ठेवा. दोन पाजण्यांच्या मधे इलेक्ट्रोलाइटचं पाणी द्या, तेही दुधात न कालवता. मानेची कातडी चिमटीत धरून सोडा. दोन सेकंदांनंतरही ती उभीच राहिली, डोळे खोल गेले किंवा वासरू उठेना, तर डॉक्टरांना लगेच बोलवा, सलाइन लागेल. पारड्याची हगवण मातकट आणि घाण वासाची असेल तर बहुधा गोलकृमी. हे जंत आईच्या दुधातूनच येतात, म्हणून पहिलं जंतनाशक दहाव्या दिवसाच्या आसपास, डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत.

दूध तोडताना

पोट डेऱ्यासारखं, पाठ मात्र हाडकुळी, अशी वासरं दिसली की समजा नुसत्या कडब्यावर ठेवलीत. जंतही असू शकतात, पण आधी गव्हाण बघा. वासराच्या चार पोटांपैकी मोठं, रवंथाचं पोट तयार होतं ते दाणे आंबून, त्यामुळे दुसऱ्या आठवड्यापासून मूठभर काफ स्टार्टर (वासरांचा खास दाणेदार खुराक) पुढे ठेवा. उरलेलं रोज बदला. गाईंचं खाद्य नको, त्यात युरिया असू शकतो. पाणी पहिल्या आठवड्यापासून. "दूध पितंय की" हे उत्तर चालत नाही: दूध थेट चौथ्या पोटात उतरतं, मोठ्या पोटाला पाणीच लागतं.

तारीख बघून दूध तोडू नका. संकरित कालवड सलग तीन दिवस रोज किलोभर स्टार्टर खायला लागली, साधारण अडीच महिन्यांच्या पुढेमागे, की संध्याकाळचं दूध कमी करत आणा, मग सकाळचं. दहा-पंधरा दिवस लावा. त्याच आठवड्यात शिंगकळ्या जाळणं, लसीकरण, दुसऱ्या गोठ्यात हलवणं काहीही काढू नका. पुढचे पंधरा दिवस जागा तीच, खाद्य तेच.

टेप जवळ ठेवा. छातीचा घेर गुणिले घेर गुणिले अंगाची लांबी, सगळं इंचात, भागिले ६६०, की वजन किलोत येतं. घेर ३६ आणि लांबी ३४ असेल तर ६७ किलोच्या आसपास. दूध तोडल्यावर आठवड्याने हा आकडा वाढला नसेल तर संध्याकाळचं दूध पुन्हा सुरू करा.