जुन्या ब्रिटिश टीव्हीवर दिसतं तसं यॉर्कशायर पुडिंग घरी कसं करावं

जुने ब्रिटिश स्वयंपाकाचे कार्यक्रम बघून काही करायला घेतलं की एक अडचण हमखास येते. पदार्थातला अवघड भाग नेमका कॅमेऱ्याच्या मागे होतो. बाई मैद्यात अंडी फोडतात, दूध घालतात, पीठ ट्रेमध्ये ओततात, ट्रे ओव्हनमध्ये जातो. पुढच्या मिनिटाला शेजारच्या ओव्हनमधून आधीच करून ठेवलेला, टम्म फुगलेला दुसरा ट्रे बाहेर येतो. मधल्या अर्ध्या तासात काय घडलं आणि त्याआधी रिकाम्या ट्रेचं काय केलं, हे एका वाक्यात उरकलेलं असतं: 'तूप चांगलं तापलेलं असू द्या.' चांगलं म्हणजे किती, हे सांगायला कोणी थांबत नाही. हा लेख मुख्यतः त्या एका वाक्याबद्दल आहे.

तरी ते कार्यक्रम बघाच. मी इंग्लंडच्या यॉर्कशायर भागातल्या लीड्स शहरात राहते. यॉर्कशायर टेलिव्हिजनचा स्टुडिओ इथेच कर्कस्टॉल रोडवर होता आणि त्यांचा 'फार्महाऊस किचन' १९७१ साली सुरू झाला. आधी डोरोथी स्लाइटहोम आणि नंतर ग्रेस मलिगन यांनी तो चालवला. पार्श्वसंगीताचा मारा नाही, सेकंदाला बदलणारी दृश्यं नाहीत. एक बाई, एक ओटा, एक वाडगं. मैद्यात लोणी चोळायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ कॅमेरा हातांवरच थांबतो. बोटांची टोकंच वापरायची, तळवा लावायचा नाही, हे न सांगताही कळतं. पदार्थ बहुतेक तपकिरी, फार तर फिकट पिवळे, वर कोथिंबीरसुद्धा नाही. आजच्या कुठल्याही चकचकीत व्हिडिओपेक्षा मी या बायकांकडून जास्त शिकले, फक्त वर सांगितलेला भाग सोडून.

त्याहून जुनं काही सापडलं तर आणखी मजा. फिलिप हार्बेन नावाचे दाढीवाले गृहस्थ १९४६ पासून बीबीसीवर शिकवत होते, तेव्हा ब्रिटनमध्ये रेशनिंग चालू होतं. अंडी १९५३ पर्यंत आणि मांस १९५४ पर्यंत रेशनवर होतं. त्या काळातलं बरंचसं थेट प्रक्षेपित झालं, रेकॉर्ड झालंच नाही, त्यामुळे बघायला फार थोडं उरलंय. आणि जे उरलंय ते कृष्णधवल. ब्रिटिश टीव्हीवर रंग आला १९६७ मध्ये, तोही आधी फक्त बीबीसी टूवर. म्हणजे 'सोनेरी होईपर्यंत भाजा' असं ऐकू येतं आणि पडद्यावर राखाडी दिसतं. रंगाच्या बाबतीत त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवायचा आणि आपल्या ओव्हनच्या काचेतून बघायचं.

आता मूळ पदार्थ. यॉर्कशायर पुडिंग गोड नसतं. मैदा, अंडी आणि दूध यांचं पातळ पीठ कडकडीत तापलेल्या चरबीत ओतून भाजतात. ते कडेने कुरकुरीत आणि मध्ये मऊ, खोलगट होतं. हॅना ग्लास या इंग्लिश पाककृती-लेखिकेने १७४७ साली याची कृती छापली, तेव्हा ते शेगडीपुढे भाजत असलेल्या मांसाखाली ठेवायचे, म्हणजे गळणारी चरबी त्यातच पडायची. यॉर्कशायरमध्ये ते मांसाच्या आधी, नुसत्या ग्रेव्हीबरोबर वाढायची रीत होती. पुडिंगने पोट भरलं की महाग मांस कमी लागतं, एवढा साधा हिशेब.

साहित्य

मैदा ११५ ग्रॅम, २ अंडी, अर्धा पाइंट म्हणजे २८५ मिली दूध-पाणी (दोन भाग दूध, एक भाग पाणी), अर्धा चमचा मीठ. एवढ्यात १२ खळ्यांचा खोलगट मफिन ट्रे होतो, किंवा साधारण ३० बाय २० सेंटिमीटरचा एक सलग ट्रे. जुन्या कृतींत याच मैद्याला बऱ्याचदा एकच अंडं असतं. ते पुडिंग बसकं होतं पण चवीला उत्तम लागतं. भारतातली अंडी लहान असली तर ३ घ्या.

मापांबद्दल एकच सांगते, कारण इथेच लोक फसतात. ब्रिटिश पाइंट ५६८ मिलीचा, अमेरिकन ४७३ चा. नेटवरच्या अर्ध्या कृती ही गफलत करतात आणि पीठ घट्ट होतं. दुसरं, सत्तरच्या दशकातल्या कृतींत औंस आणि ग्रॅम शेजारी-शेजारी दिलेले असतात. औंस २८ ग्रॅमचा, पण सोयीसाठी २५ धरलेला असतो. एक रकाना निवडा आणि शेवटपर्यंत तोच वापरा.

बेकिंग पावडर घालू नका. कोणीही सांगितलं तरी घालू नका. हे वाफेवर फुगतं.

पीठ

मैदा-मीठ वाडग्यात घ्या, मध्ये खळगा करा, अंडी फोडा, थोडंथोडं दूध घालत मध्यापासून बाहेर फेटत जा. घावनाच्या पिठाइतकं पातळ व्हायला हवं. गुठळ्या राहिल्या तर गाळा. हवा भरायला अर्धा तास फेटण्याची काहीही गरज नाही. टीव्हीवर बाई जोरजोरात फेटतात कारण तेवढ्यात त्यांना गप्पा मारायच्या असतात.

झाकून अर्धा ते एक तास ठेवा, बाहेरच. फ्रीजमध्ये ठेवावं की नाही यावर लोक तावातावाने भांडतात. माझं मत ठाम आहे: थंडगार पीठ तापलेल्या तुपाला गार करतं, आणि आपली सगळी लढाई तूप गरम ठेवण्याचीच आहे.

ट्रे आणि तूप

इथे घाई करायची नाही. लीड्सला आल्यावर बरेच दिवस माझी पुडिंगं तेलकट आणि चिवट व्हायची आणि मी पिठाला दोष देत बसायचे. अंडी वाढव, दूध कमी कर, मैद्याचा ब्रँड बदल. पिठात काहीच चुकत नव्हतं.

आधी आत काय होतं ते समजून घ्या. पीठ कडकडीत तुपावर पडलं की तळ आणि कडा क्षणात धरतात, भिंत तयार होते. मग दुधातल्या पाण्याची वाफ होते. पाण्याची वाफ झाली की आकारमान १,६०० पटींहून जास्त वाढतं. ती वाफ वर ढकलते, अंड्याची आणि मैद्याची जाळी ताणली जाते आणि ताणलेल्या अवस्थेतच भाजून कडक होते. तूप कोमट असेल तर भिंत धरतच नाही, पीठ शांतपणे तूप पीत बसतं. मग ओव्हनचं तापमान कितीही वाढवा, ते पुडिंग गेलं.

तूप कुठलं? इथली रीत बीफ ड्रिपिंगची, म्हणजे गोमांस भाजताना गळलेली चरबी. आमच्या घरात ती येत नाही. साजूक तूप यासाठी फार चांगलं, कारण ते बरंच तापलं तरी जळत नाही. पण नीट गाळलेलं हवं. घरी कढवलेल्या तुपाच्या तळाशी बेरी राहते ती इथे घातक आहे. भाकरीवर घेऊन साखरेबरोबर खायला ती अमृत, पण २२० अंशांत पाच मिनिटांत काळी होते आणि सगळ्या पुडिंगला कडवट वास लागतो. पातळ फडक्यातून गाळा आणि शेवटचा चमचा डब्यातच राहू द्या. रिफाइंड सूर्यफूल किंवा शेंगदाणा तेलही चालतं. लोणी चालत नाही, जळतं. महागडं एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह तेल तर मुळीच नको.

ट्रे धातूचा. काचेचा नको, तापलेल्या काचेवर गार पीठ पडलं तर ती तडकू शकते. सिलिकॉनचा नको, तो पुरेशी उष्णता धरत नाही. काळपट, जुना, पोलादी ट्रे सर्वांत उत्तम. तो घासून लख्ख करण्याच्या फंदात पडू नका, पुसून ठेवा. आमच्या ट्रेचे कोपरे इतके काळे आहेत की पाहुण्यांसमोर काढायची लाज वाटते, आणि त्यातलंच पुडिंग सर्वांत छान सुटतं.

ओव्हन २३० अंशांवर (फॅरेनहाइटमध्ये ४५०, ब्रिटिश गॅस ओव्हनच्या बटणावर 'गॅस मार्क ८') पूर्ण तापू द्या. मग प्रत्येक खळ्यात एक लहान चमचा तूप, सलग ट्रे असेल तर दोन मोठे चमचे, आणि रिकामा ट्रे आत १० ते १२ मिनिटं. घड्याळापेक्षा तुपाकडे बघा. ते पाण्यासारखं पातळ होऊन ट्रे कलता केला की धावलं पाहिजे, आणि वर अगदी पुसट धूर तरळला पाहिजे. मग चमच्याने पिठाचा एक थेंब टाका. चर्र आवाज होऊन थेंबाची कड लगेच उचलली गेली तर झालं. थेंब नुसता पडून राहिला तर ट्रे परत आत, आणखी तीन-चार मिनिटं. इथे लाजेखातर पुढे जाऊ नका. पाहुणे थांबतील.

ओतण्याची तयारी आधी करून ठेवा. पीठ चोचीच्या भांड्यात, नुकतंच ढवळलेलं, कारण मैदा तळाशी बसतो. भांडं बाहेरून कोरडं. हात कोरड्या जाड मोज्यांत, ओल्या फडक्याने तापलेला ट्रे धरला तर चटका लगेच आत पोचतो. पोरांना स्वयंपाकघराबाहेर काढा. ट्रे बाहेर काढला की ओव्हनचं दार लगेच लावा, ते उघडं टाकून पीठ ओतत बसण्यात आतली सगळी धग जाते. सलग ट्रे असेल तर तो मंद आचेच्या शेगडीवर ठेवून ओता, म्हणजे तूप गार होत नाही. ही युक्ती मी इथल्याच एका म्हाताऱ्या शेजारणीकडून उचलली आणि ती कुठल्याही कार्यक्रमात मला दिसलेली नाही. खळी जेमतेम निम्मी भरा. पीठ पडताच तूप कडेने वर चढून पिठाला वेढा घालतं. तसं दिसलं की मी निश्चिंत होते.

धूर होणार. खिडकी उघडा, एक्झॉस्ट लावा. इथल्या घरांत धुराचा अलार्म छतालाच असतो आणि रविवारी दुपारी गल्लीत एखादा तरी वाजतोच. तुपाने चुकून पेट घेतला तर ओव्हन बंद करा आणि दार उघडू नका. पाणी कधीच टाकू नका.

पुण्या-मुंबईत ओटीजी वापरणाऱ्यांसाठी: वरखाली दोन्ही रॉड चालू, किमान २० मिनिटं तापवा, आणि ट्रे सर्वांत खालच्या खाचेत. पुडिंग चढतं आणि वरच्या रॉडला टेकून जळतं. कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह दार उघडल्यावर लवकर सावरत नाही. त्यात करायचंच असेल तर सहाच खळी भरा.

भाजणं

आच २२० वर आणा. लहान पुडिंगांना २० ते २५ मिनिटं, सलग ट्रेला ३० ते ३५. पहिली २० मिनिटं दार उघडायचं नाही. वरून रंग आला पण भिंती मऊ वाटत असतील तर १९० वर आणखी सात-आठ मिनिटं द्या. बाहेर काढल्यावर बसणारी बहुतेक पुडिंगं कच्ची असतात, आणि लोक खापर दारावर फोडतात.

उंचीचा बाऊ करू नका. रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्री या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञांच्या संस्थेने २००८ साली जाहीर केलं की चार इंचांपेक्षा बुटकं ते यॉर्कशायर पुडिंगच नव्हे. जुन्या टीव्हीवरची सलग ट्रेमधली, चौकोनी तुकडे करून वाढलेली पुडिंगं या परीक्षेत बहुधा नापास होतील. मला तीच आवडतात, कारण त्यांच्या मध्यात ग्रेव्ही मुरायला जागा असते.

ग्रेव्ही

दोन कांदे लोण्यात मंद आचेवर लालसर करा, चमचाभर मैदा परता, भाज्यांचं पाणी घाला, उकळा, मीठ-मिरपूड. वूस्टर सॉस घालायचा तर घाला, पण शाकाहारी असाल तर बाटलीवरची घटकांची यादी वाचा, मूळच्या सॉसमध्ये अँचोव्ही मासे असतात.

पुडिंग ओव्हनमधून थेट ताटात आलं पाहिजे, ग्रेव्ही आधीच तयार हवी. उरलीच तर दुसऱ्या दिवशी २०० अंशांवर पाच मिनिटं गरम करा, मायक्रोवेव्हमध्ये नको, चामडं होतं. गरम केलेल्यावर गोल्डन सिरप (साखरेचा घट्ट, सोनेरी पाक) किंवा जॅम घालून इथली जुनी माणसं खातात. सिरप नसेल तर काकवी घाला, आमच्याकडे तीच संपते.