ओव्हरलेचं कार्ड प्रॉडक्शनला लावण्याआधी

शुक्रवारी संध्याकाळी हिंजवडीतून वाकडच्या पुलाकडे गाड्या हलत नाहीत, तेव्हा 'तेवढ्यात मेनफ्रेमवर तो सॉर्टचा जॉब लावून टाकू' असं हमखास वाटतं. काम दिसतं दोन ओळींचं: फाइलच्या प्रत्येक रेकॉर्डमधले शाखा कोडचे तीन अंक बदलायचे, बाकी काही हलवायचं नाही. पण सॉर्टला (फाइली क्रमाने लावणारी आणि रेकॉर्ड बदलणारी युटिलिटी, डीएफसॉर्ट) शाखा कोड माहीत नसतो, त्याला आपल्या सूचनांच्या ओळींतली, म्हणजे कार्डातली, फक्त जागा कळते. सांगाल तिथे तो लिहितो आणि रिटर्न कोड शून्य, म्हणजे 'सगळं ठीक', देतो. म्हणून जी काळजी घ्यायची ती सबमिटच्या आधी.

आधी कॉपीबुक (रेकॉर्डमधल्या फील्डांची मांडणी लिहिलेला कोबॉलचा भाग) उघडा आणि चौकटीच्या वहीत पेन्सिलीने प्रत्येक फील्डची सुरुवात आणि लांबी मांडा. मोजणी हमखास चुकते ती कॉम्प-३ पाशी (एका बाइटमध्ये दोन अंक बसवणारी पॅक्ड मांडणी): एस९(७)व्ही९९ म्हणजे नऊ अंक, पण जागा पाचच बाइटची. रिडिफाइन्सची (त्याच जागेची दुसरी मांडणी) लांबी पुन्हा मिळवू नका. मग फाइल एफबी (सगळे रेकॉर्ड एकाच लांबीचे) आहे की व्हीबी (कमीजास्त लांबीचे) ते बघा. व्हीबीत पहिले चार बाइट आरडीडब्ल्यूचे (त्यात रेकॉर्डची लांबी असते), डेटा पाचव्यापासून. कॉपीबुकमधली २१ वी जागा कार्डात २५ वी होते. मी एकदा हेच विसरलो. टेस्ट फाइलमध्ये आधीचे चार बाइट फिलर (वापरात नसलेली जागा) होते, त्यामुळे काही खटकलं नाही. प्रॉडक्शनमध्ये तिथे खात्याचा प्रकार होता. तो पुसला गेला, आणि आम्हाला कळलं दुसऱ्या दिवशी.

आता खरा डेटा व्ह्यूमध्ये उघडून हेक्स ऑन करा, म्हणजे प्रत्येक बाइटचे दोन हेक्स अंक एकाखाली एक दिसतात. १२३४५.६७ ही पॅक्ड रक्कम वरच्या ओळीत ०१३५७ आणि खालच्या ओळीत ०२४६सी अशी उभी वाचता येते. अशा फील्डवर कॅरेक्टर शून्यं लिहिलीत, तर सॉर्ट गप्प राहील आणि ती रक्कम वाचणारा कोबॉल प्रोग्राम एस०सी-७ ने (आकड्याच्या जागी चुकीचा डेटा मिळाल्याची एरर) पडेल.

कार्ड लिहिताना बिल्ड नको, ओव्हरले घ्या. ओव्हरले फक्त सांगितलेली जागा बदलतो; बिल्ड रेकॉर्ड नव्याने बांधतो, त्यात न लिहिलेला भाग गळून जातो. काहीच रेकॉर्ड बदलायचे असतील तर अट इफ्देन-व्हेनमध्ये (अट जुळेल त्याच रेकॉर्डवर बदल) घाला. इन्क्लूडमध्ये (कोणते रेकॉर्ड घ्यायचे ते सांगणारी सूचना) घातलीत तर बाकीचे रेकॉर्ड आउटपुटमध्ये येणारच नाहीत, आणि ही चूक मी चांगल्या अनुभवी माणसांकडूनही झालेली पाहिली आहे. नुसती कॉपी असेल तर इनरेक (सॉर्ट होण्याआधीचा बदल) काय, आउटरेक (नंतरचा) काय, सारखंच. पण सॉर्ट होणार असेल आणि बदलायचं फील्ड सॉर्ट-कीमध्ये (ज्यावरून क्रम लागतो) असेल, तर इनरेकमुळे क्रमच बदलतो. व्हीबीत आखूड रेकॉर्डच्या पुढे ओव्हरले गेला तर मधली जागा ब्लँकने भरून रेकॉर्ड लांबतो, तेही तपासा. कार्ड दुसऱ्या कॉलमपासून, ७१ च्या आत.

सॉर्टइन (आत येणारी फाइल) आणि सॉर्टआउटला (बाहेर जाणारी) एकच डेटासेट कधीही देऊ नका. आउटपुट जीडीजीच्या (एकाच नावाच्या फाइलच्या क्रमाने ठेवलेल्या आवृत्त्या) नव्या जनरेशनमध्ये जाऊ द्या, म्हणजे जुनी फाइल शाबूत राहते.

चाचणीला स्टॉपआफ्ट १०० (शंभर रेकॉर्डांनंतर थांब) लावून भागत नाही, कारण पहिल्या शंभरांत बहुतेक एकाच प्रकारचे रेकॉर्ड असतात. प्रत्येक प्रकारचे थोडे निवडून छोटी फाइल बनवा. आयसीई०५४आय या सॉर्टच्या संदेशात आत आलेल्या आणि बाहेर गेलेल्या रेकॉर्डांचा आकडा जुळला पाहिजे, पण तेवढ्यावर समाधान मानू नका. जुन्या आणि नव्या, दोन्ही फाइलींच्या प्रतींत शाखा कोडच्या जागी ब्लँक लिहा आणि सुपरसीने (फाइलींतला फरक दाखवणारं साधन) तुलना करा. एकही फरक दिसला तर तुम्ही नको तिथे लिहिलं आहे. फक्त ती जागा शेजारच्या सहकाऱ्याने कॉपीबुकवरून स्वतः मोजावी, तुमच्या कार्डावरून उचलू नये. नाहीतर दोन्ही फाइलींत तीच चुकीची जागा झाकली जाईल आणि तुलना स्वच्छ येईल.