एल-प्लास्टिन शिकताना माझं काय काय चुकलं

ज्युनिअर रिसर्च फेलो म्हणून रुजू झाले तेव्हा वाटायचं, क्लोन (प्रोटीनचं जनुक घातलेला डीएनए) हातात आहे म्हणजे प्रोटीन मिळालंच. आता तुमच्यापैकी कोणी रोगप्रतिकारक पेशींच्या सांगाड्यावर काम सुरू करणार असेल, तर माझ्या चुका आधीच ऐकून घ्या.

आमचं प्रोटीन एल-प्लास्टिन. ६२७ अमिनो आम्लं, वजन सुमारे ७० किलोडाल्टन. निरोगी शरीरात ते मुख्यतः रक्तपेशींत सापडतं. अ‍ॅक्टिन या पेशीच्या सांगाड्यातल्या प्रोटीनचे धागे शेजारी शेजारी घट्ट बांधायचे, एवढंच त्याचं काम. गवताची पेंढी बांधावी तसं. पण टी-पेशी (रोगप्रतिकारक पांढरी पेशी) दुसऱ्या पेशीला चिकटून अँटिजेन, म्हणजे ओळखायचा रेणू, तपासते, तेव्हा ती जागा टिकून राहते ती या पेंढ्यांच्या आधारावर.

प्रोटीन काढणं तसं सोपं गेलं. बीएल२१ जातीचे ई. कोलाय जिवाणू, १८ अंशांवर रात्रभर आयपीटीजी (जनुक चालू करणारं रसायन), सकाळी निकेलचा कॉलम; प्रोटीनला जोडलेली हिस्टिडिनची शेपटी, म्हणजे हिस-टॅग, त्यातल्या निकेलला धरते. फक्त लायसिस बफरमध्ये (पेशी फोडायच्या द्रावणात) धातू पकडून ठेवणारं ईडीटीए घालू नका. मी सवयीने घातलं आणि कॉलममधलं निळसर रेझिन डोळ्यांदेखत पांढरं पडलं. निकेलच निघून गेलं, मग हिस-टॅग धरणार कशाला?

खरी गंमत पुढे. पेंढ्या बनतात का हे पाहायला अ‍ॅक्टिनमध्ये प्रोटीन मिसळून सेंट्रिफ्यूजमध्ये कमी वेगाने, म्हणजे १५,००० जी-ला (गुरुत्वाकर्षणाच्या १५,००० पट जोराला) फिरवतात. सुटे धागे वर तरंगत राहतात, पेंढ्या तळाशी बसतात. प्रोटीन्स वजनानुसार वेगळी करणाऱ्या माझ्या जेलवर ४२ किलोडाल्टनचा अ‍ॅक्टिनचा पट्टा दर वेळी वरच्या द्रवातच. एक लाख जी-ला फिरवलं की मात्र दोन्ही प्रोटीन्स तळाशी. म्हणजे चिकटत होतं, बांधत नव्हतं. तीन आठवडे मी प्रोटीनलाच दोष देत होते, दोनदा नव्याने काढलंसुद्धा.

शेवटी आमच्या सीनिअर ताईंनी वही उघडून विचारलं, "अगं, जी-बफरमधल्या कॅल्शियमचं काय केलंस?"

काहीच केलं नव्हतं. अ‍ॅक्टिन ज्या बफरमध्ये ठेवतात त्यात ०.२ मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड असतंच, आणि एल-प्लास्टिनच्या सुरुवातीच्या भागात कॅल्शियम बसलं की त्याची बांधणी सैल होते. कॅल्शियम पकडून ठेवणारं ईजीटीए १ मिलिमोलर घातलं, दुसऱ्याच दिवशी तळाशी जाडजूड पट्टा! कॉलममध्ये जे नडलं, त्याच जातीचं रसायन इथे कामी आलं.

टॅग कुठे लावायचा याचाही आधीच विचार करा. टी-पेशी उत्तेजित झाली की पाचव्या जागेवरच्या सेरीनवर फॉस्फेट बसतं. जिवाणूत बनलेल्या प्रोटीनवर ते नसतंच, आणि टॅगही त्याच टोकाला लावला तर ती जागा अडते. आम्ही टॅग मागच्या टोकाला नेला आणि फॉस्फेटची नक्कल म्हणून त्या सेरीनच्या जागी ग्लुटामेट घातलं.

आमच्या एका ज्युनिअरने उरलेलं प्रोटीन "बघू तरी" म्हणून मॅक्रोफाजवर (जंतू गिळणाऱ्या रोगप्रतिकारक पेशींवर) टाकलं. टीएनएफ, म्हणजे त्या पेशी सोडतात तो दाहाचा संदेश, धडाधड वाढलं, स्वारी खूश. एल-प्लास्टिन पेशीच्या आत राहणारं, बाहेरून त्याला कोण ओळखणार, अशी मला शंका आली. तेच प्रोटीन उकळून पुन्हा टाकायला लावलं. टीएनएफ तितकंच. उकळून प्रोटीन मोडतं, ई. कोलायच्या आवरणातलं, टीएनएफ वाढवणारं लायपोपॉलिसॅकराइड मात्र तसंच राहतं. तेव्हापासून आमच्या फ्रीजमध्ये प्रत्येक बॅचची 'उकळलेलं' अशी चिठ्ठी लावलेली एक ट्यूब असते.