इलेक्ट्रिक गिटारचा सेटअप: आधी मान, मग तारांची उंची

तारा फ्रेटबोर्डपासून फार वर आहेत, बोटं दुखतात, अशी तक्रार केली की सल्ला ठरलेला असतो: ट्रस रॉड, म्हणजे मानेतली धातूची कांब, आवळ. हा सल्ला चुकीचा आहे. ट्रस रॉड ॲक्शन, म्हणजे तारांची उंची, खाली आणण्यासाठी नसतो. तारांच्या ओढीने मान वाकते, तिला सावरण्यासाठी तो मानेच्या पोटात बसवलेला असतो. ही ओढ लहानसहान नाही. नेहमीच्या ट्युनिंगमध्ये ०.००९ चा सेट (सर्वात बारीक तार ०.००९ इंच जाड) एकूण ३८ किलोच्या आसपास ओढतो, ०.०१० चा सेट ४७ किलोच्या. म्हणून तारांची जाडी बदलली की मानही हलते आणि सेटअप पुन्हा पहिल्यापासून करावा लागतो.

पुढची मापं स्ट्रॅटोकास्टर घाटाच्या गिटारची आहेत: ६४८ मि.मी. स्केल (तारेची वाजणारी लांबी), फ्रेटबोर्डची गोलाई ९.५ इंच. क्रम असा: नव्या तारा, ट्रेमोलो (दांड्याने हलणारा ब्रिज, म्हणजे बॉडीवर तारा टेकतात तो भाग), मान, सॅडलची (ब्रिजवरच्या प्रत्येक तारेच्या टेकूची) उंची, पिकअप (तारांचा आवाज पकडणारा चुंबकांचा भाग), शेवटी इंटोनेशन (वरच्या फ्रेटवरही सूर बरोबर लागणं). प्रत्येक टप्पा पुढच्या टप्प्याची मापं बदलतो, त्यामुळे हा क्रम मोडू नका.

नव्या तारा चढवा, हाताने ताणून बसवा, सुरात लावा. जुन्या, गंजक्या तारांवर इंटोनेशन लागत नाही.

ट्रेमोलोचा दांडा वापरत नसाल तर मागच्या झाकणाखालचे स्प्रिंगचे दोन स्क्रू आवळून ब्रिज बॉडीला टेकवून टाका. वापरत असाल तर ब्रिजची मागची कड बॉडीपासून ३.२ मि.मी. वर राहील असा तोल साधा. स्क्रू थोडा फिरवा, सगळ्या तारा पुन्हा सुरात लावा, मग माप घ्या. ब्रिज तरंगता असेल तर तारा एकेक करूनच बदला.

आता मान. सगळी गडबड इथेच होते.

छेडलेली तार मधोमध सर्वात रुंद हलते, टोकांना कमी. तिला जागा मिळावी म्हणून मानेला किंचित खोलगटपणा लागतो. त्याला रिलीफ म्हणतात. मान पट्टीसारखी सरळ असावी हा समज काढून टाका.

मोजायचं असं. गिटार वाजवताना धरतो तशीच मांडीवर धरा. टेबलावर आडवी ठेवून घेतलेलं माप खोटं येतं, कारण मानेचं स्वतःचं वजनही तिला वाकवतं. पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावा. सहावी, म्हणजे सर्वात जाड तार, मान बॉडीला मिळते तिथल्या फ्रेटवर, साधारण सतराव्या, बोटाने दाबा. तार आता सरळ पट्टीचं काम करते. आठव्या फ्रेटचा माथा आणि तारेची खालची बाजू यांत फट मोजा. ती ०.२५ मि.मी. हवी. गोलाई ७.२५ इंच असेल तर ०.३, आणि १५ इंचांच्या पुढे असेल तर ०.२. मोजायला गॅरेजवाल्यांकडे असतं ते फिलर गेज घ्या. ते नसेल तर ०.०१० च्या पहिल्या तारेचा कापलेला तुकडा वापरा, तो बरोबर ०.२५ मि.मी. जाड असतो. तुकडा फटीत अलगद सरकला आणि वरची तार उचलली गेली नाही, तर माप जुळलं.

फट जास्त असेल तर रॉडचा नट घड्याळाच्या दिशेने आवळा, म्हणजे मान सरळ होते. फट कमी असेल किंवा मुळीच नसेल तर उलट दिशेने सैल करा. दिशा ठरवताना रॉडच्या नटाकडे तोंड करा. एका वेळी पाव आट्याहून जास्त नाही. मग पुन्हा सुरात लावा, दहा मिनिटं थांबा, मोजा. दुसऱ्या दिवशी एकदा मोजाच, कारण लाकूड उशिराने हलतं. थांबायचा कंटाळा करून एका बैठकीत पूर्ण आटा फिरवला की सकाळी मान मागे कललेली सापडते.

चावी बरोबर मापाची नसेल तर हात लावू नका. हार्डवेअरच्या दुकानातला ॲलन कीचा संच बहुधा मिलिमीटरचा असतो आणि बऱ्याच फेंडरना (स्ट्रॅटोकास्टर याच कंपनीची) इंचाची चावी लागते. ३/१६ इंच म्हणजे ४.७६ मि.मी.; त्यात ५ ची चावी जात नाही आणि ४.५ ची आत गरगर फिरून नटाच्या कडा खाते. १/८ इंच म्हणजे ३.१८ मि.मी., तिथे ३ ची चावी तेच करते. कडा गेल्या की नट बाहेर काढणं हे कारागिराचं महागडं काम होऊन बसतं. इबानेझला बहुधा ७ मि.मी.चा बॉक्स पाना लागतो, गिब्सनला ५/१६ इंचाचा. चावी खोलवर, तळापर्यंत बसवूनच फिरवा. नट आवळताना कडक लागला तर तारा थोड्या उतरवून आवळा. तरीही हलत नसेल तर थांबा. जोर लावून रॉड तुटला तर मान गेली. जुन्या पद्धतीच्या स्ट्रॅटमध्ये नट बॉडीच्या बाजूला असतो. तिथे तारा उतरवून मानेचे चार स्क्रू ढिले करावे लागतात.

आता तो गैरसमज कुठून येतो ते पाहा. रॉड आवळला की मधला खोलगटपणा कमी होतो आणि बाराव्या फ्रेटपाशी तार जराशी खाली येते. माणसाला वाटतं, जमलं. दोन दिवसांनी पहिल्या चार-पाच फ्रेटवर तार झणझणू लागते, कारण तिथली हालायची जागाच संपली. मग तो सॅडल उचलतो. त्यामुळे वरच्या फ्रेटवर तारा पुन्हा उंच होतात. तो रॉड आणखी आवळतो. या चक्रात अडकलेल्या गिटारवर उपाय एकच: रिलीफ ०.२५ वर परत आणायचा आणि नंतर सॅडलला हात लावायचा.

झणझण कुठे होते त्यावरून दोष ओळखता येतो. पहिल्या पाच फ्रेटांत असेल तर रिलीफ कमी आहे. बाराव्याच्या पुढे असेल तर आधी रिलीफ मोजा, तो बरोबर असेल तर सॅडल खाली गेलंय. फक्त मोकळी तार झणझणत असेल तर हेडस्टॉकजवळच्या, तारा टेकतात त्या नटाची खाच खोल गेली आहे. एकाच फ्रेटच्या सुराला खरखर असेल तर त्याच्या पुढचा फ्रेट उचललेला आहे, आणि रॉड कितीही फिरवून तो बसणार नाही.

त्या वरच्या नटाची तपासणी सोपी आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये तार दाबा, पहिल्या फ्रेटवर केसभर फट दिसली पाहिजे. फट मोठी असेल तर पहिल्या फ्रेटवरचे सूर चढे लागतात. एफ बार कॉर्ड बेसूर येते ती बरेचदा यामुळे. खाच स्वतः घासू नका. त्याला तारेच्या जाडीची कानस लागते आणि जास्त घासलं गेलं तर नवा नट घालावा लागतो. ट्युनिंगच्या वेळी तार खाचेत टक टक करत असेल तर मात्र २बी पेन्सिलीचं शिसं खाचेत भरा.

सॅडलची उंची: कॅपो काढा. सतराव्या फ्रेटवर पहिली आणि सहावी तार १.६ मि.मी.वर आणा, मधल्या चार तारा फ्रेटबोर्डच्या गोलाईप्रमाणे लावा. ७.२५ इंचाच्या गोलाईवर सहावी २ मि.मी. ठेवा, नाहीतर वरच्या फ्रेटवर बेंड करताना, म्हणजे तार ओढून सूर चढवताना, सूर गुदमरतो.

पिकअप इंटोनेशनच्या आधीच खाली करा. सिंगल कॉइल पिकअपची (स्ट्रॅटवर असतात तशा) चुंबकं तारेला ओढतात. पिकअप फार जवळ असला की जाड तारेवर बाराव्याच्या पुढे सूर डळमळतो, एकातून दोन सूर निघाल्यासारखे ऐकू येतात, आणि माणूस सॅडल मागेपुढे करत बसतो. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून जाड बाजूला २ मि.मी., बारीक बाजूला १.६ मि.मी. अंतर ठेवा. तरी डळमळ राहिली तर आणखी खाली.

इंटोनेशन: बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसतं बोट टेकवून काढलेला सूर) आणि तिथेच दाबून वाजवलेला सूर ट्यूनरवर जुळवा. दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल मागे न्या, म्हणजे तार लांब होईल. उतरलेला असेल तर मानेकडे आणा. प्रत्येक वेळी मोकळी तार पुन्हा सुरात लावायची. नेहमीच्या जोरानेच दाबा. जोर वाढला की सूर चढतो. छेडल्याच्या क्षणी काटा वर जातो, तो स्थिरावल्यावर वाचा. सगळं झाल्यावर सॅडल पाहा. सहावीचं सर्वात मागे, पाचवी-चौथीची पायरीपायरीने पुढे, साधी (वर वेटोळं नसलेली) तिसरी पुन्हा मागे, मग दुसरी-पहिली पुढे. रचना अशी दिसत नसेल तर एखादी तार सदोष आहे किंवा रिलीफ मोजताना चूक झाली आहे.

हे काम गिटार जिथे वाजवली जाते त्या खोलीतच करा. कोकणात, मुंबईत, गोव्यात पावसाळ्यात लाकूड ओल पितं, विदर्भातल्या मे महिन्यात ते सुकतं, आणि मान कुठल्या बाजूला किती जाईल हे प्रत्येक गिटारचं वेगळं. जून संपताना आणि दिवाळीनंतर आठव्या फ्रेटवरची फट मोजा. ती ०.२५ च असेल तर काही करू नका.